गोदाक्काची पाठ

माझा दहावीचा इंग्रजीचा पेपर होता त्या दिवशी गोदाक्का गेली. मंगळवार होता. मी गंगाखेडच्या परीक्षा केंद्रावर होते. माय दुसऱ्याच्या रानात हरभरा काढायला गेली होती. आबा मानवतच्या बाजूला मेंढरं घेऊन गेले होते. गोदाक्का नदीकाठच्या पडीकात होती. माझी ही थोरली बहीण सतरा वर्षांची होती, मी पंधरा.

हे इतक्या वर्षांनी लिहायला बसण्याचं कारण तसं लहान आहे. परभणीत मी राहते त्या गल्लीतली दोन-तीन मुलं संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी वाचायला येतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मीच त्यांना बोलावलं. मागच्या आठवड्यात त्यांतल्या श्रेया नावाच्या मुलीनं पुस्तकातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. हार्डी. "आजी, मोबाइलवर ह्याचा अर्थ काटक असा दिलाय. काटक म्हणजे काय?" पुस्तकातल्या वाक्याचा अर्थ असा होता की काटक झाडांना फारशी निगा लागत नाही. मी तिला सांगितलं की हे विशेषण आहे, ऊन-थंडी, उपासमार सोसून जे टिकतं त्याला ते लावतात. बहुधा झाडांना, पिकांना, जनावरांना लावतात, पण माणसालाही लावता येतं. ती म्हणाली, "मग माणसाचं एक वाक्य सांगा ना." मी म्हटलं, उद्या सांगते. तीस वर्षं वर्गात मी हेच करत आले. हा शब्द धड्यात आला की झाडाचं वाक्य द्यायचं, उंटाचं द्यायचं आणि पुढच्या शब्दाकडे वळायचं. माणसाचं वाक्य मी आयुष्यात एकदाच लिहिलं आहे. ते कुठे लिहिलं, ते पुढे येईल.

आमचं घर गावाच्या कडेला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर होतं. दोन खोल्या, पुढे मातीचं अंगण आणि अंगणाला लागून बाभळीच्या काट्यांनी वेढलेला मेंढवाडा. आमच्या अंगाला, कपड्यांना, वह्या-पुस्तकांना मेंढरांचा वास असे. शाळेत पोरी नाक धरत, पण घरी तो वास आला नाही की चुकल्यासारखं वाटे. पहाटे साखर कारखान्याचा भोंगा लांबून ऐकू यायचा आणि त्यापाठोपाठ डालग्याखाली झाकलेली कोकरं ओरडायला लागायची. माय तोवर जात्यावर बसलेली असे. ज्वारीची भाकर, लसणाचा ठेचा, कधी बेसन, आणि संध्याकाळी ताकात शिजवलेल्या कण्या, एवढंच आमचं खाणं. कण्यांच्या भांड्याच्या बुडाशी लागलेली खरपूड गोदाक्काला फार आवडायची. ती उलथन्यानं खरवडून निम्मी मला द्यायची आणि मी वाचत असले की माझ्या तोंडात घालायची, "वाच, वाच, तोंड रिकामंच हाय तुजं." माय मोकळी असेल तेव्हा चातीवर लोकर कातत बसे. चातीचा बारीक सूं सूं आवाज आणि मेंढरांचं रवंथ, ह्या दोन आवाजांत मी बहुतेक अभ्यास केला.

सुगी संपली की आबा आणि चुलते मोठा कळप घेऊन निघत. शेतकरी आपापल्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवून घेत. आबा असे गावोगाव फिरत मानवतच्या पुढेपर्यंत जात आणि पाऊस तोंडावर आला की परतत. नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या, लंगडी-लुळी, म्हातारी अशी तीस-पस्तीस मेंढरं घरी राहत. ती गोदाक्का सांभाळायची. ती चौथी झाली तेव्हा गावात पाचवी नव्हती, आणि दीड कोसावरच्या शाळेत एकट्या पोरीला कोण पाठवणार? मी चौथी झाले तोवर गावातच पुढची शाळा सुरू झाली होती. आमच्या दोघींच्या आयुष्यात फरक पडला तो एवढ्यानंच. तिनं मला हे कधी बोलून दाखवलं नाही. उलट रविवारी मी तिच्याबरोबर रानात गेले की मेंढरं पांगवून ती बाभळीखाली बसायची आणि म्हणायची, "काढ बरं तुजं पुस्तक. काल काय शिकवलं तुज्या सरानं?"

मेंढवाड्याचं तोंड आबांनी एका वेळी एकच मेंढरू आत जाईल इतकं अरुंद ठेवलं होतं. संध्याकाळी मेंढरं परतली की घरातल्या एकानं त्या तोंडाशी उभं राहायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर हात ठेवायचा. एकही चुकवायचं नाही. मी लहान असताना आबांना विचारलं होतं की नुसतं बघितलं तर चालत नाही का. आबा म्हणाले, "शेळी कोकलती, कुत्रं कण्हतं. मेंढरू उभ्या उभ्या मरंल, पर दुखणं दावणार न्हाई. लांडगा दुखणाऱ्यालाच हेरतो, हे त्याला ठावं असतंय. डोळ्याला ते फसवतं, सुमे. हाताला फसवता येत न्हाई." पाठीवर हात ठेवला की ताप कळतो, कणा वर आलाय का ते कळतं, आतली थरथर कळते. गोदाक्काचा हात आमच्या घरात सगळ्यांत जाणता होता. काळ्या तोंडाच्या एका मेंढीला ताप चढल्याचं तिनं असंच ओळखलं होतं, मेंढी चांगली चरत असताना. आबा बाहेरगावाहून आले की पहिल्या संध्याकाळी तिलाच तोंडाशी उभी करत आणि आपण अंगणात बसून नुसतं बघत.

मी नववीत असताना आबा परभणीला कृषी विद्यापीठाच्या आवारात भरलेल्या मेळाव्याला गेले होते. येताना त्यांनी गुळाची ढेप आणली आणि तिथे वाटलेले चार-पाच कागद आणले. त्यांतला एक कागद इंग्रजी होता. त्यावर आमच्याकडच्यासारख्याच काळ्या मेंढीचं चित्र होतं. आबांनी तो माझ्या हातात दिला, जसा काही तो माझ्याच नावाचा आला होता. पुढच्या रविवारी मी तो कागद आणि सरांनी मला दिलेला जुना शब्दकोश घेऊन गोदाक्काबरोबर रानात गेले.

"काय लिवलंय आपल्या मेंढरावर?" तिनं विचारलं.

"ही जात हार्डी आहे, असं लिहिलंय."

"मंजी?"

मी शब्दकोश उघडला. "काटक. चिवट. ऊन, वारा, थंडी सोसणारं. थोड्या चाऱ्यावर, थोड्या पाण्यावर राहणारं. ज्याच्याकडं फार बघावं लागत नाही असं."

गोदाक्का खो खो हसली. "बघावं लागत न्हाई? त्या कागदवाल्याला म्हणावं, ये एक दिस मेंढरं घिऊन. कळंल मंग किती बघावं लागतंय ते." मग थोडा वेळ ती शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत राहिली. "पर शबूद झकास हाय. हार्डी. ए सुमे, म्या बी हार्डीच की गं."

"आहेसच," मी म्हटलं.

ती उठली आणि काळ्या तोंडाच्या मेंढीला काठीनं ढोसून म्हणाली, "चल गं हार्डे, आपली जात एकच निघाली." तेव्हापासून त्या मेंढीचं नाव हार्डी पडलं. घरातही तो शब्द आला. गोदाक्काच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला आणि मी सुईनं तो काढत होते, तेव्हा ती डोळे मिटून "हार्डी, हार्डी" म्हणत बसली होती. मायला शब्दाचा अर्थ कळला तशी तीही म्हणू लागली, "हार्डीबाई, एक घागर आणता का?" मी घरी वाचून दाखवलेल्या इंग्रजी शब्दांपैकी घरात रुळलेला तो एवढाच. मला त्याचा फार अभिमान होता.

पेपराच्या आधीच्या शनिवारी गोदाक्काचं पोट दुखायला लागलं. आदल्या संध्याकाळी तिनं कण्यांची खरपूड खाल्ली होती, त्यामुळे मायनं त्याच्यावर बोट ठेवलं. ओवा आणि मीठ चावायला दिलं. दुपारी तिला उलटी झाली, पण ती रानात झाली आणि फक्त मी पाहिली, कारण मी तिला भाकर द्यायला गेले होते. संध्याकाळी माय चुलीपाशी बसून म्हणाली, "बरं नसंल तर पडून ऱ्हा दोन दिस. सुमी जाईल मेंढरामागं."

"तिचा पेपर हाय मंगळवारी."

"पेपर काय, पुढच्या टायमाला देता येतोय."

"न्हाई येत," गोदाक्का म्हणाली. "एकदा गेला की गेला. मला काय बी झालं न्हाई. गॅस झालाय."

मी दाराच्या आत पुस्तक घेऊन बसले होते. मी सगळं ऐकत होते आणि पान उलटत नव्हते. मला ठाऊक होतं की घरात माणसं मोजकी आहेत. माय मजुरीला गेली नाही तर तिची हरभऱ्याच्या टोळीतली जागा जाईल. गोदाक्का पडली तर मेंढरामागं मी, दुसरं कुणी नाही. माय माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा बाई तुमचं तुमी."

अंधार पडण्याआधी कोकरं डालग्याखाली झाकताना गोदाक्का मला म्हणाली, "उलटीचं माईला सांगू नकू. सांगितलंस तर तुजं पुस्तक चुलीत घालीन." ती हसली, म्हणून मीही हसले. मी सांगितलं नाही. मला सांगायचं नव्हतं, हे मी आता लिहू शकते. तेव्हा मी स्वतःला म्हणत होते की तिनंच बजावलंय.

रविवारी तिचं दुखणं बेंबीजवळून उजव्या बाजूला सरकलं. चालताना ती त्या अंगाला किंचित वाकायची आणि कुणी बघतंय असं दिसलं की सरळ व्हायची. मी तिच्याबरोबर रानात गेले होते, पण पुस्तक घेऊन. दुपारी तिनं आपली भाकर कुत्र्याला टाकली. मी पुस्तकाच्या वरून ते बघितलं. "खाल्लीस का?" मी विचारलं. "खाल्ली की," ती म्हणाली, "तू वाच." नंतर तिनं माझ्याकडून पत्रलेखन म्हणवून घेतलं. तिला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण मी कुठे अडखळते ते तिला कळायचं. अडखळले की ती काठी जमिनीवर आपटायची, "परत म्हण."

सोमवारी मी घरीच राहून अभ्यास केला. संध्याकाळी मेंढरं आली तेव्हा माय अजून परतली नव्हती, म्हणून मेंढवाड्याच्या तोंडाशी मी उभी राहिले. डाव्या हातात पुस्तक आणि उजवा हात एकेका पाठीवर. खरं सांगायचं तर माझा हात नुसता ठेवला जात होता, लक्ष पुस्तकात होतं. शेवटचं मेंढरू आत गेलं. त्याच्यामागं गोदाक्का आली. तिचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा दिसत होता.

"सुमे, थांबलं बघ दुखायचं," ती म्हणाली. "दुपारी एकदम थांबलं. कुणी दोरी कापावी तसं."

"मी म्हटलं नव्हतं? हार्डी आहेस तू."

ती माझ्यापाशी थांबली, वळली, मेंढरासारखी वाकली आणि पाठ माझ्या हातापुढे केली. "मंग माजी बी पाठ बघ की. समद्याची बघितलीस."

मी हात ठेवला. चोळीच्या कापडातून ऊब नव्हे, चटका लागला. आत कुठेतरी बारीक थरथर होती, डालग्याखालच्या कोकराची असते तशी. हे सगळं माझ्या हाताला कळलं, अर्धा क्षण. दिवसभर उन्हात होती, उन्हाचंच असेल, असं माझ्या मनात आलं, आणि ते इतकं पटकन आलं की जणू तिथे आधीपासून तयार होतं. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "ठणठणीत आहेस. जा आत."

ती मेंढवाड्यात शिरली आणि तोंडाला काटा ओढून घेतला. तीन दिवसांत तिनं एवढंच मागितलं होतं.

पुढे खूप वर्षांनी शाळेच्या वाचनालयात आलेल्या आरोग्याच्या एका पुस्तकात मी वाचलं की पोटातलं आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, सुजून फुटलं की दुखणं काही काळ एकदम थांबतं, आणि घरच्यांना वाटतं की बरं झालं. मी ते पान उभ्यानंच वाचलं आणि पुस्तक कपाटात परत ठेवलं. त्या दिवशीचे पुढचे दोन तास मी कसे घेतले ते मला आठवत नाही.

मंगळवारी सकाळी तिनं माझी वेणी घातली. तिची बोटं गरम होती आणि हळू चालत होती. माय चुलीपाशी भाकरी थापत होती. गोदाक्का तिला चुलीतल्या निखाऱ्यांचा आर पुढे ओढायला, भाकर फिरवायला मध्ये मध्ये हात देत होती. मी निघाले तेव्हा ती अंगणाच्या कडेपर्यंत आली आणि खुंटाला टेकून उभी राहिली. एरवी ती एसटीच्या थांब्यापर्यंत आली असती. "पेपरात हार्डी आलं तर सोडू नकू," ती म्हणाली. "आपला शबूद हाय."

पेपरात तो शब्द आला नाही. पण निबंधाला तीन विषय होते आणि त्यांतला एक होता, माझी आवडती व्यक्ती. बाकीच्या पोरी शिक्षकांवर नाहीतर आईवर लिहीत होत्या. मी माझ्या बहिणीवर लिहिलं. मेंढरांवर लिहिलं, नदीवर लिहिलं, शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की माझी बहीण हार्डी आहे, ती कधी आजारी पडत नाही. त्या वाक्याखाली मी पट्टीनं रेघ मारली, तपासणाऱ्याचं लक्ष जावं म्हणून. माणसाबद्दलचं ते वाक्य हेच.

मी एसटीनं परतले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. थांब्यावरून घराकडे येताना लांबूनच कोकरं ओरडताना ऐकू आली. दुपारी त्यांना आयांपाशी प्यायला सोडतात, ती सोडली नव्हती. घराला कडी होती. शेजारच्या चंद्रकलाकाकू त्यांच्या दारात बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि माझ्या हातातलं लिहायचं पॅड आणि पेन काढून घेतलं.

"गोदीला चक्कर आली रानात," त्या म्हणाल्या. "नदीकडच्या बाभळीखाली पडली व्हती. मेंढरं तिच्याभवती उभी, एक बी हाललं न्हाई. त्यावरून तर लोकाला कळलं. माईला बोलावून आणलं आन जीपमधी घालून गंगाखेडला नेलंय. यील आता. तू पाणी पी."

"बोलत होती का?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "माईला म्हणली, सुमी आल्याबिगर मेंढरं आत घालू नका."

मी गंगाखेडलाच होते. ती जीप माझ्या केंद्रासमोरूनच गेली असेल, सरकारी दवाखान्याचा रस्ता तोच आहे. मी तेव्हा रेघ मारत असेन.

गावातल्या एकानं मेंढरं हाकून आणली. ती अंगणात येऊन थांबली आणि मेंढवाड्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी जाऊन तोंडाशी उभी राहिले. एकेक मेंढरू आत गेलं, एकेकाच्या पाठीवर मी हात ठेवला. त्या संध्याकाळी माझं लक्ष कशातही नव्हतं, फक्त हातात होतं. एका म्हाताऱ्या मेंढीचा मणका मला लागला, एकीच्या लोकरीत गोखरू होते, हार्डीची पाठ थंड होती. सगळी मेंढरं बरी होती. शेवटचं आत गेलं आणि मी हात तसाच पुढे धरून उभी राहिले, आणि तेवढ्यात वाटेवर जीपचा आवाज आला. जीप हळू येत होती. हळू येणाऱ्या जीपचा अर्थ काकूंना माझ्या आधी कळला.

गंगाखेडच्या डॉक्टरांनी तिला परभणीला न्यायला सांगितलं होतं. ती वाटेतच गेली. डॉक्टरांनी मायला दोनच गोष्टी विचारल्या होत्या. कधीपासून दुखतंय, आणि मध्ये कधी एकदम थांबलं होतं का. मायनं सांगितलं, काल दुपारी थांबलं होतं, पोरगी स्वतः म्हणाली. माय हे सगळ्यांना सांगत राहिली, येणाऱ्या प्रत्येक बाईला, त्याच शब्दांत. "थांबलं व्हतं गं बाई. काल थांबलं व्हतं."

आबा दुसऱ्या दिवशी आले. निरोप मिळाल्यापासून मिळेल त्या वाहनानं आणि उरलेलं चालत. ते घरात न येता आधी मेंढवाड्यापाशी गेले आणि काट्यांच्या कुंपणाला धरून उभे राहिले. आम्ही दोघी त्यांच्यामागं गेलो. त्यांनी वळून आमच्याकडे बघितलं. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"कुणी हात लावला न्हवता का तिला?"

माय खाली बघत होती. मी खाली बघत होते. मग आबांनी मान हलवली आणि म्हणाले, "मेंढराला लावता." पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. त्या वर्षी त्यांनी मेंढरं चुलत्यांना देऊन टाकली आणि पुढे आयुष्यभर लोकांच्या ऊसतोडीला गेले. हार्डी मात्र ठेवली होती. ती आणखी चार उन्हाळे जगली.

इंग्रजीत मी केंद्रात पहिली आले. त्या एका विषयाच्या बळावर मला पुढे शिकता आलं, नोकरी लागली, परभणीत घर झालं. पोरी मला विचारायच्या, बाई, तुमचं इंग्रजी इतकं चांगलं कसं? मी म्हणायचे, मला रानात शिकवणारी होती. त्यांना वाटे मी गंमत करते.

आबा गेल्यावर मी मायला परभणीला आणलं. तिला शहरात करमत नसे. दारात बसून रिक्षा, मोटारसायकली बघत राहायची. मी शाळेतून आले की ती उठायची आणि चपला काढायला मी वाकले की माझ्या पाठीवर हात ठेवायची. क्षणभर ठेवायची, मग "चहा ठिवते" म्हणून आत जायची. ही तिची सवय गोदाक्का गेल्यानंतरच्या आठवड्यात लागली होती, आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. त्या हाताखाली दर संध्याकाळी मला वाटायचं की आज सांगून टाकावं. मला ठाऊक होतं माय, मी हात लावला होता, मला कळलं होतं. पण मग तिनं तो हात काढून घेतला असता तर? ह्या भीतीनं मी गप्प राहिले.

शेवटच्या आजारात माय अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिला कण्या भरवत होते. दोन घास खाऊन तिनं तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "सुमे, तुज्या पेपराच्या दिशी सकाळी भाकरी थापताना गोदीचा हात लागला मला. चटका बसला बघ. म्हणलं, चुलीपाशी बसलीया, आराचा असंल."

मी चमचा वाटीत ठेवला.

"म्हणलं, काटक पोर हाय. तिला काय व्हतंय. आन निघून गेले हरभऱ्याला." तिनं पांघरूण वर ओढलं. "तुज्या आबानं इचारलं तवा माज्या तोंडातून शबूद फुटला न्हाई. त्ये मराय लागले तरी म्या सांगितलं न्हाई. तुला सांगायलेय."

मी वाटी खाली ठेवली. "माय, मीही लावला होता हात. आदल्या संध्याकाळी. मेंढवाड्याच्या तोंडाशी. तिनं स्वतःच पाठ पुढे केली होती."

तिनं मान माझ्याकडे वळवली.

"मी म्हटलं, उन्हाचं असेल."

माय रागावेल, रडेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "पंधरा वरसाची व्हतीस तू," आणि मग, "म्या न्हवते." एवढं बोलून तिनं हात उचलला. तो माझ्या पाठीपर्यंत पोचेना, म्हणून मी तिच्या बाजूला वाकले.

त्यानंतर अकरा दिवसांनी माय गेली.

श्रेया परवा पुन्हा आली. तिला वाक्य हवं होतं. मी तिच्या वहीत उंटाचं वाक्य लिहून दिलं. जाताना ती दारात चपला घालायला वाकली आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती दचकली. "काय झालं आजी?" मी म्हटलं, काही नाही, जा. पाठ थंड होती.

आता घरात मी एकटी असते. सरांनी दिलेला शब्दकोश आहे, त्याचा पुठ्ठा गेला आहे आणि पानांना अजून मेंढरांचा वास येतो, किंवा मला तसा वाटतो. मायची चाती आहे. गोदाक्काचा फोटो कधी काढलेला नव्हता.